हिरवा पट्टा, पिवळा पट्टा: शेतजमीन आणि झोनिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झोनिंगचा विषय निघाला की तेच तेच प्रश्न येतात, कधी मेसेजवर, कधी मीटिंग संपल्यावर दारात थांबवून. ते इथे एकत्र केलेत. सोपे आधी, किचकट नंतर. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला नंबर दिलाय, परत परत लिहायचा मलाही कंटाळा येतो.

१. शेतजमीन वाचवायची म्हणजे घरं बांधायचीच नाहीत का?

नाही हो. घरं लागणारच. भांडण कुठे बांधायची यावर आहे. बहुतेक जुनी शहरं नदीकाठी, गाळाच्या सपाट जमिनीवर वसली, कारण तिथं पिकत होतं आणि पाणी होतं, आणि आता तीच शहरं वाढतात तेव्हा नेमकी आजूबाजूची सगळ्यात चांगली जमीन खातात, खडकाळ माळ मात्र लांब तसाच पडून राहतो. इंचभर सुपीक माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. एकदा वरची माती खरवडून, मुरूम टाकून, रोलर फिरवून काँक्रीट ओतलं की त्या जागेचं पुन्हा शेत होत नाही, पाडकाम केलं तरी होत नाही. घर उद्या दुसरीकडे बांधता येतं, हा साधा फरक आहे.

२. झोन म्हणजे नक्की काय? माझ्या जमिनीचा झोन कोण ठरवतं?

झोन म्हणजे त्या जमिनीवर काय करता येईल याची चौकट. शेती, राहणं, दुकानं, कारखाना असे भाग नकाशावर रंगवतात, शेती बहुधा हिरवी, राहती वस्ती पिवळी, म्हणून बोलताना हिरवा पट्टा, पिवळा पट्टा. ठरवतं ते त्या भागाचं नियोजन प्राधिकरण किंवा स्थानिक संस्था, आणि काही ठिकाणी वरून राज्य किंवा प्रांत नियम घालून देतं. लोक एक गोष्ट नेहमी गोंधळतात: झोन राहता असला म्हणजे बांधकामाची परवानगी मिळाली असं नाही, आणि आज शेत पिकतंय म्हणजे झोन शेतीचाच असेल असंही नाही. नकाशा बघा, नुसता बांध बघून सांगता येत नाही.

३. जमीन माझी, सातबारा माझा, मग मी काय करायचं हे सरकार कोण सांगणार? आणि भाव पडला त्याची भरपाई कोण देणार?

हा प्रश्न रागानेच येतो आणि तो राग मला समजतो. पण मालकी म्हणजे काहीही करायची मोकळीक असं जवळजवळ कुठल्याच देशात नाही. अमेरिकेत यावरचा मोठा निकाल १९२६ चा आहे, ओहायो राज्यातल्या युक्लिड नावाच्या गावाचा. तिथे एका जमीन कंपनीकडे ६८ एकर होते. कंपनीचं म्हणणं, कारखान्यासाठी एकरी १०,००० डॉलर मिळाले असते, निवासी झोन लावल्यामुळे २,५०० च उरले. सुप्रीम कोर्टाने तरी गावाच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे नुसता भाव पडला एवढ्यावर झोन रद्द होत नाही, जमिनीचा काहीच उपयोग उरला नाही तर गोष्ट वेगळी.

भरपाई द्यायचीच असं ठरवलं तर काय होतं तेही लोकांनी करून बघितलंय. ओरेगॉन राज्यात २००४ मध्ये मतदारांनी 'मेझर ३७' नावाचा मतदानाला टाकलेला प्रस्ताव मंजूर केला: नियमामुळे भाव पडला तर पैसे द्या, नाहीतर नियम सोडा. पैसे कोणाकडेच नव्हते, त्यामुळे नियम सुटायला लागले आणि शेतांच्या मधोमध प्लॉटिंगचे अर्ज आले. शेजारच्या शेतकऱ्यांचेच डोळे उघडले आणि २००७ मध्ये त्याच मतदारांनी 'मेझर ४९' आणून बरंचसं मागे घेतलं, बहुतेक दाव्यांना दोन-तीन घरांपुरती सूट उरली.

माझं मत विचाराल तर फुकटात हिरवा पट्टा टाकून मोकळं होणं बरोबर नाही. मालकाच्या हातात काहीतरी पडावं याच्या पद्धती आहेत, त्या प्रश्न ८ आणि ९ मध्ये.

४. आमचा भाग शेती झोनमध्ये आहे. म्हणजे जमीन सुरक्षित ना?

झोनचं नाव नका वाचू, आतला नियम वाचा. सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे कमीत कमी किती एकराचा तुकडा पाडता येतो आणि किती एकराला एक घर चालतं.

समजा शेती झोन आहे पण पाच एकराला एक घर चालतं. शंभर एकरात वीस बंगले झाले. प्रत्येकाला रस्ता, कुंपण, बोअर, लॉन, दोन कुत्री. मधली जमीन कागदावर शेतीच आहे पण ट्रॅक्टर वळवायला जागा नाही, फवारणी करायची तर वारा कुणाच्या गॅलरीकडे वाहतोय ते बघायचं, आणि भाडेपट्ट्याने कसणारा माणूस चार तुकड्यांसाठी चार मालकांच्या पाया पडणार कशाला? घरं कमी झाली, शेती मात्र पूर्ण गेली. दाट वस्तीपेक्षाही हे वाईट, कारण वीस कुटुंबांसाठी शंभर एकर उडाले, तीच वीस कुटुंबं एका इमारतीत मावली असती.

म्हणून जिथे हा प्रकार गंभीरपणे घेतात तिथे आकडे मोठे असतात. ओरेगॉनच्या शेती झोनमध्ये नवा तुकडा साधारण ८० एकरांपेक्षा लहान पाडता येत नाही, चराऊ रानात १६०. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) सत्तरच्या दशकात ६० एकराला एक घर केलं आणि तिथली दूधशेती त्यामुळे टिकली असं मानतात. हे आकडे जसेच्या तसे उचलून दुसरीकडे लावायचे नाहीत. जिथे सरासरी शेतच दोन-तीन एकराचं आहे तिथे ८० एकराचा नियम म्हणजे विनोद होईल. बघायचं हे की ठरवलेल्या आकारावर तिथली नेहमीची शेती चालते का, का तो आकार फार्महाऊसवाल्याला सोयीचा म्हणून ठेवलाय.

५. शहराभोवती हद्द आखणं वेगळं आणि झोन वेगळा का?

वेगळं, पण जोडीने चालतं. झोन सांगतो या जमिनीवर काय, हद्द सांगते शहर कुठपर्यंत. ओरेगॉनने १९७३ मध्ये कायदा केला, तेव्हा टॉम मॅकॉल गव्हर्नर होते आणि विधिमंडळात तो रेटणाऱ्यांत हेक्टर मॅक्फर्सन होते, जे स्वतः दूधशेती करणारे. प्रत्येक शहराने हद्द आखायची, आत साधारण २० वर्षं पुरेल एवढी जागा ठेवायची, बाहेर शेती आणि जंगल. तिथल्या पोर्टलंड शहराची हद्द १९७९ पासून आहे. तिथे रस्त्याच्या एका बाजूला भिंतीला भिंत लागून घरं आणि समोरच्या बाजूला सरळ शेत असं चित्र बघायला मिळतं, मधे ती रेंगाळलेली अर्धवट प्लॉटिंग, 'प्लॉट विकणे आहे'चे बोर्ड, गवतात गंजलेले खांब वगैरे काही नाही.

जपानने १९६८ च्या नगररचना कायद्यात असंच केलं, शहर वाढवायचा भाग एक, रोखायचा भाग दुसरा. दक्षिण कोरियाने १९७१ पासून राजधानी सोलभोवती हरित पट्टा टाकला.

इंग्लंडचा ग्रीन बेल्ट मात्र यात धरू नका. लोक हमखास उदाहरण देतात, पण १९५५ मध्ये तो देशभर पसरवला तेव्हा मुख्य हेतू शहराचं पसरणं थांबवणं आणि दोन शहरं एकमेकांना चिकटू न देणं हा होता. शेती त्यात आपोआप वाचली तर वाचली.

६. हद्द घातली की घरं महाग होणारच ना?

होऊ शकतात, खोटं कशाला बोला. जमीन अडवली आणि आतमध्ये मजले वाढवायला, जुन्या बैठ्या घरांच्या जागी इमारती बांधायला परवानगी दिली नाही तर भाव चढणारच. हद्द ही अर्धी गोष्ट आहे, आत दाट बांधू देणं ही उरलेली अर्धी, आणि गंमत म्हणजे शेत वाचवा म्हणून भाषण करणारेच पुष्कळदा स्वतःच्या गल्लीत चार मजली इमारत आली की सह्यांची मोहीम काढतात. दुसरा धोका म्हणजे उडी: हद्दीच्या पलीकडे, जिथे नियम सैल आहेत तिथे वस्ती जाऊन बसते. कॅनडातल्या ओंटारियो प्रांताच्या ग्रीनबेल्टवर (२००५) हीच टीका होते, की बांधकाम पट्टा ओलांडून पलीकडच्या गावांत गेलं. म्हणून एका गावाने एकट्याने हद्द आखून भागत नाही, पूर्ण परिसराची मिळून असावी लागते.

७. 'आज ना उद्या इथे पिवळा पट्टा पडणारच', सगळे असंच म्हणतात. मग आत्ता शेतीत पैसे कशाला घालायचे?

माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न हाच, म्हणून जरा लांब लिहितोय.

शेत जेसीबी यायच्या खूप आधी मरतं. पट्टा पडणार अशी नुसती कुजबुज सुरू झाली की माणूस नवी विहीर खणत नाही, फळझाडं लावत नाही कारण ती पाच-सात वर्षांनी हाताशी येणार, ठिबकच्या नळ्या बदलत नाही, गोठ्याचा पत्रा गळतो तो गळू देतो. कसणाऱ्याला एकेक वर्षाचा करार मिळतो, तो शेणखत कशाला टाकेल? पाच वर्षांनी पुढारी येऊन म्हणतो, बघा पडीकच आहे, बदला झोन. आणि जमिनीचा भाव पिकाच्या हिशोबाने न राहता प्लॉटच्या हिशोबाने ठरायला लागला की शेती करायची इच्छा असलेला तरुण ती विकत घेऊच शकत नाही.

म्हणून नियम किती कडक यापेक्षा तो बदलणं किती अवघड हे आधी बघा. कॅलिफोर्नियातल्या नापा काउंटीने १९६८ मध्ये शेती राखीव केली, पण त्यांनाही कळलं की पुढची कमिटी आली की तीन मतांनी सगळं फिरेल, मग १९९० मध्ये 'मेझर जे' आणलं: ही जमीन शेतीतून काढायची तर बहुतेक वेळा मतदारांना विचारायचं. २००८ मध्ये त्याची मुदत २०५८ पर्यंत वाढवली. आता तिथे झोन पडेल या आशेवर कोणी द्राक्षबाग सोडत नाही. पोर्टलंड परिसरात ५० वर्षं हात लावायचा नाही अशी ग्रामीण जमीन आखून ठेवलीय, त्यामागे हाच विचार.

उलटं उदाहरण परत ओंटारियोचं. २०२२ च्या शेवटी तिथल्या सरकारने ग्रीनबेल्टमधून सुमारे ७,४०० एकर काढले. प्रांताच्या ऑडिटर जनरलने ऑगस्ट २०२३ मध्ये अहवाल दिला की यामुळे त्या जमीनमालकांच्या जमिनींची किंमत ८.३ अब्ज डॉलरने वाढू शकते, आणि कुठली जमीन काढायची हे काही बिल्डरांच्या कलाने ठरलं. आरडाओरडा झाला, मंत्र्यांना जावं लागलं, आणि सप्टेंबरमध्ये सरकारने निर्णय फिरवला. जमीन परत आली खरी, पण पट्टा हलू शकतो हे सगळ्यांनी बघितलं, आणि ते विसरायला लोकांना वेळ लागतो.

८. टीडीआर शेतकऱ्याच्या कामाचा आहे का? तो शहरातल्या बिल्डरांचा खेळ ना?

शेतीसाठीही वापरतात. टीडीआर म्हणजे बांधायचा हक्क जमिनीपासून सुटा करून दुसरीकडे विकायचा. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टनला लागून असलेल्या माँटगोमेरी काउंटीने १९८० मध्ये काउंटीचा जवळपास एक तृतीयांश भाग, साधारण ९३,००० एकर, शेतीसाठी राखला. आधी पाच एकराला एक घर चालत होतं, ते २५ एकराला एक केलं. म्हणजे शंभर एकरवाल्याची वीस घरं होती, चार उरली. पण त्याला पाच एकरामागे एक याप्रमाणे वीस टीडीआर दिले, ते शहराकडच्या ठराविक भागात बिल्डर विकत घेतो आणि तिथे जास्त घरं बांधतो, जमीन शेतकऱ्याकडेच राहते. (चारपैकी एखादं घर बांधायचं असेल तर त्यासाठी एक टीडीआर राखून ठेवावा लागतो, सगळे विकून घर बांधता येत नाही.)

चालतं कधी? घेणाऱ्या भागात जास्त मजल्यांची खरी मागणी असेल आणि बिल्डरला ते मजले दुसरीकडून फुकट मिळत नसतील तेव्हाच. अनेक ठिकाणी योजना कागदावर सुंदर आणि गिऱ्हाईक शून्य, कारण नगरपालिका तसेही मजले वाढवून देत होती. टीडीआर हातात आला म्हणजे पैसे आले असं धरून कर्ज काढू नका.

९. सरकारने हक्क विकत घेऊन टाकला तर? आणि करसवलतीचं काय?

दोन्ही चालतं, फरक मुदतीचा. न्यूयॉर्क राज्यातल्या सफोक काउंटीने १९७४ मध्ये शेतकऱ्यांकडून बांधकामाचा हक्क विकत घ्यायची योजना आणली, अमेरिकेतली ही पहिली अशी योजना. प्लॉटचा भाव वजा शेतीचा भाव, तेवढे पैसे मालकाला, आणि जमिनीवर कायमचा बोजा: इथे बांधायचं नाही, पुढच्या मालकानेही नाही. झोन बदलता येतो, हे सहसा नाही. महाग पडतं, त्यामुळे हजारो एकर पटापट होत नाहीत.

करसवलत स्वस्त पण तात्पुरती. कॅलिफोर्नियाच्या १९६५ च्या विल्यमसन कायद्यात मालक किमान दहा वर्षं शेतीच ठेवायचा करार करतो, तो दरवर्षी आपोआप पुढे सरकतो, बदल्यात कर शेतीच्या उत्पन्नाच्या हिशोबाने. बाहेर पडायचं तर नोटीस द्यायची आणि उरलेली वर्षं संपेपर्यंत थांबायचं. ज्याला दहा वर्षांनी विकायचंच आहे त्याला दरम्यान कर कमी भरून जमीन धरून ठेवायला हे फुकटचं साधन मिळतं, हा त्यातला खड्डा.

१०. मुलाला शेतात घर बांधायचंय. शेती झोनमध्ये शेतकऱ्यालाच घर नाही?

शेतकऱ्याला बहुतेक सगळीकडे असतं. भानगड अशी की या दरवाजातून शेतकरी कमी आणि वीकेंडवाले जास्त घुसतात. मग नियम करणारे शेतकरी कोण हे तपासायला लागतात. ओरेगॉनमध्ये चांगल्या प्रतीच्या जमिनीवर शेताचं मुख्य घर बांधायचं तर एक कसोटी अशी की त्या शेताने आधीच्या काही वर्षांत वर्षाला ८०,००० डॉलरची विक्री केलेली असावी. इंग्लंडमध्ये परवानगीतच अट टाकतात की या घरात शेतीत काम करणाराच राहील. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात व्हँकूवरजवळच्या रिचमंडमध्ये राखीव शेतजमिनीवर राजवाड्यासारखे बंगले उभे राहिले, शेवटी २०१९ मध्ये प्रांताने घराचा आकार ५०० चौरस मीटरवर अडवला.

तुमच्या मुलासाठी: घर बांधाला, रस्त्याच्या कडेला घ्या, शेताच्या मधोमध नको, आणि घराखालचा तुकडा वेगळा पाडू नका. उद्या वाटणी झाली आणि तो तुकडा परक्याला विकला गेला की प्रश्न ११ तुमच्या दारात.

११. शेजारी नवीन सोसायटी झाली. आता ते शेणाच्या वासाची, रात्रीच्या पंपाची तक्रार करतात. आधी तर आम्ही होतो!

अमेरिकेतल्या सगळ्या ५० राज्यांत यासाठी कायदा आहे, ढोबळ अर्थ असा की शेत आधीपासून असेल आणि रीतसर चालत असेल तर मागून आलेल्याने उपद्रव म्हणून दावा टाकू नये. निष्काळजीपणाला मात्र संरक्षण नाही, ओढ्यात मळी सोडली तर नाही वाचणार. नियोजनात जास्त उपयोगी गोष्ट म्हणजे मधे अंतर ठेवणं, आणि ते अंतर सोसायटीच्या प्लॉटमधून कापायचं, शेतातून नाही. आराखडा येतो तेव्हाच हे मागा, नंतर कोणी देत नाही.

१२. आमची जमीन हलकी आहे, काही पिकत नाही. तीही अडकवून ठेवायची का?

सरसकट अडकवू नये असंच माझं मत. इंग्लंड-वेल्समध्ये जमिनीची प्रतवारी आहे, १, २ आणि ३अ या प्रती सगळ्यात चांगल्या धरतात, बांधकाम होता होईल तो त्याखालच्यांवर जावं. स्वित्झर्लंडने १९९२ मध्ये ठरवलं की उत्तम पिकाऊ जमीन निदान ४,३८,४६० हेक्टर राहिलीच पाहिजे आणि प्रत्येक कँटनला (तिथलं राज्य) त्यातला वाटा नेमून दिला. ब्रिटिश कोलंबियाने १९७३ मध्ये साधारण ४७ लाख हेक्टर राखले, ऐकायला प्रचंड, पण तो प्रांताचा जेमतेम ५ टक्के भाग.

दोन सावधगिरी. 'पिकत नाही' आणि 'पिकवली नाही' यात फरक आहे, प्रश्न ७ बघा. आणि हलक्या जमिनीचा तुकडा चांगल्या शिवाराच्या मधोमध असेल तर तिथे वस्ती आली की भोवतालची चांगली जमीनही जाते.

१३. आपण झोन पाळायचा, आणि सरकारच हायवे घेऊन आलं तर?

इथे बहुतेक कायदे मऊ पडतात. भारताच्या २०१३ च्या भूसंपादन कायद्यात कलम १० आहे: सिंचनाखालची बहुपीक जमीन शेवटचा पर्याय म्हणूनच घ्यायची, आणि घेतली तर तेवढी पडीक लागवडयोग्य जमीन विकसित करायची किंवा जमिनीच्या किमतीएवढी रक्कम शेतीसाठी भरायची. पण रेल्वे, महामार्ग, कालवे, वीजवाहिन्या असे रेषेत जाणारे प्रकल्प त्यातून वगळलेत. आणि खरी गंमत रस्त्यात नसतेच, रस्त्याला जिथे उतरता येतं त्या चौकात असते. तिथे आधी ढाबा, मग गोदाम, मग झोन बदलाचा अर्ज.

'जमीन घेतो, बदल्यात दुसरीकडे तेवढीच तयार करतो' यावर डोळे झाकून विश्वास नको. चीनने एकूण पिकाखालची जमीन १८० कोटी मू, म्हणजे १२ कोटी हेक्टरच्या खाली जाऊ द्यायची नाही अशी लाल रेघ ओढलीय आणि गेलेल्या जमिनीला बदली जमीन द्यावी लागते. आकडा सांभाळला गेला, पण शहराजवळची काळीभोर जमीन गेली आणि बदली म्हणून कुठेतरी उतारावरची, पाणी नसलेली दाखवली, अशी तक्रार तिथेही होत आली.

१४. सोलर प्लँट हे बांधकाम धरायचं का?

ठिकाणागणिक वेगळं. जमीन झाकून टाकणारे पॅनल आणि खाली पीक घेता येईल असे उंच पॅनल यात फरक करा. जपानने २०१३ पासून दुसऱ्या प्रकाराला तात्पुरती परवानगी द्यायला सुरुवात केली, अट अशी की खालचं उत्पादन त्या भागाच्या सरासरीच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये. करार संपल्यावर खांब आणि पाया कोण उपटणार हे लिहून घ्या.

१५. शहराच्या आत अडकलेलं शेत वाचतं का?

जपानमध्ये वाचतं. १९९१ च्या दुरुस्तीनंतर मोठ्या शहरांत ५०० चौरस मीटरच्या वरचं शेत ३० वर्षं शेतीच ठेवायचं कबूल केलं तर कर शेतीचा, नाहीतर घराच्या जागेचा. सही करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती १९९२ मध्येच केली, म्हणून २०२२ मध्ये सगळी जमीन एकदम बाजारात येईल अशी धास्ती होती. मग आधीच दहा-दहा वर्षांची मुदतवाढ द्यायची सोय केली आणि बहुतेक मालक राहिले.

१६. झोन टिकला, पण शेतीच परवडत नाही. मग काय उपयोग?

झोन जमीन वाचवतो, शेतकऱ्याला वाचवत नाही. हे झोनिंगवाल्यांनी मान्य करायला हवं आणि ते करत नाहीत. पीक, पाणी, बाजार यांची तजवीज वेगळी करावी लागते. जमिनीपुरतं बोलायचं तर फ्रान्समध्ये १९६० पासून 'साफेर' नावाच्या संस्था आहेत, शेतजमिनीचा व्यवहार ठरला की त्यांना कळवावं लागतं, आणि भाव अवाच्या सवा वाटला किंवा घेणारा शेतीसाठी घेत नाहीये असं दिसलं तर त्या मधे पडून स्वतः घेऊ शकतात आणि कसणाऱ्याला देतात. पळवाटा काढणारे तिथेही आहेत, जमीन थेट न विकता जमीन असलेल्या कंपनीचे शेअर विकतात.

१७. आमच्या भागाचा नवीन आराखडा आलाय. हरकत घ्यायची तर काय लिहायचं?

'शेतकऱ्यावर अन्याय' एवढंच लिहू नका, ते सगळेच लिहितात. गट नंबर लिहा, नकाशाच्या कुठल्या शीटवर आहे ते लिहा, विहीर-बोअर-पाइपलाइन कुठे आहे, मागच्या तीन वर्षांत काय पिकवलं, किती जण कसतात. मग पर्याय द्या: शहरात आत्ता कुठे रिकामे प्लॉट पडलेत, घरं तिथे का नाहीत हा प्रश्न कागदावर विचारा, कारण त्याला उत्तर द्यायला अधिकाऱ्याला खरंच जड जातं. शेजाऱ्यांनी एकाच मजकुराच्या पन्नास झेरॉक्स देण्यापेक्षा प्रत्येकाने आपल्या जमिनीचं वेगळं लिहावं. आणि मुदतीच्या शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, दुपारी चारला रांग असते. अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेऊनच बाहेर पडा, सुनावणीच्या दिवशी ती प्रत पहिल्यांदा मागतात.